भुरीची राख

मोह वेचायला गेलेली पोरगी टोपलीभर फुलं घेऊन घरी येते. मी एक मकडी घेऊन आले, आणि त्यावरून आमच्या घरात जी कटकट सुरू झाली ती कितीतरी दिवस संपली नाही. आजही नात्यातल्या लग्नाला गेले की कुणीतरी म्हातारी शेजारणीच्या कानाला लागते, "हेच ते मकडीवाली." मी मुद्दाम वळून सांगते, हो बाई, मीच ती. लाजायचं काय त्यात? ज्यांनी लाजायला हवं होतं ते खाऊनपिऊन सुखानं गेले.

आमचं गाव साकोलीकडचं, तलावाच्या पाळीखाली वसलेलं. पाळीवर आमच्या वाटणीचे दोन मोह होते. फुलं गळायच्या आधी मोहाखालचा वाळला पाला पेटवून देतात, म्हणजे जमीन काळी, साफ होते आणि पहाटे पडलेली फुलं लांबून दिसतात. त्या वर्षी मायनं पाला पेटवला आणि मुळांच्या बेचक्यातल्या बिळातून ती बाहेर आली. माझ्या तेव्हाच्या तळहाताएवढी, अंगभर भुरी लव, आणि तीही एका बाजूनं करपलेली. पळत नव्हती. एकेक पाय उचलून, जागा चाचपून, आगीच्या कडेनं माझ्याकडं चालत येत होती. माय म्हणाली, "दगड घाल व तिच्यावर, जहरी असते ते." मी दगडाऐवजी टोपली घातली. का घातली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज एवढंच सांगते की जी जळत्या पाल्यातूनसुद्धा पळापळ न करता येते, तिला दगड घालायला माझा हात उचलला नाही.

आमच्या घरी शब्द चालायचा तो मोठीमायचा, म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोचा. मोठेबाबा कुटुंबाचे कर्ते खरे, पण त्यांनी काय ठरवायचं ते आधी मोठीमाय ठरवायची. माझा बाप भावापुढं ब्र काढत नसे आणि माय जावेपुढं. घरात दिवसभर मोठीमायचा आवाज असे. ढेकीवर धान कांडताना तिचा पाय खाली पडला की एक शिवी, वर गेला की दुसरी. पण हाताला चव होती, ते नाकारणार नाही. तलावातल्या वाळल्या झिंग्यांची, म्हणजे बारीक कोळंबीची, तिनं केलेली चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी आणि त्यावर गरम भात. मी पुढं नोकरीत दहा गावचं जेवले, तशी झिंग्याची चटणी कुणी करून घातली नाही. वाढताना मात्र ती पोरांच्या ताटात दोनदा हात घाली आणि पोरींच्या ताटात एकदा. मी ताट पुढं सरकवून तसंच धरून बसायची, दुसऱ्यांदा वाढेपर्यंत. माझं आणि तिचं असं होतं.

मी भुरीला सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या कुंपणातल्या परसात, गळा फुटलेल्या मडक्यात ठेवलं. निम्मं मडकं माती, वर पाल्याचा थर, तोंडावर मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा सुतळीनं घट्ट बांधलेला. भुरी हे नाव आमच्याकडं गायीला देतात. मी मकडीला दिलं, तर मोठीमाय म्हणाली, "उद्या तिले वासरू होईन, मंग दूध काढजो." पावसाळाभर भुरी मजेत होती. मी धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, नाकतोडे धरून आणायची, मागचा पाय धरून आत सोडायची आणि पाहत बसायची. ती घाई करत नसे. नाकतोडा स्वतःच तिच्या पुढ्यात येईस्तोवर बसून राही, आणि मग काय झालं ते डोळ्याला दिसायचंसुद्धा नाही. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी मडक्याकडं जायची. घरात माझ्या मालकीचं दुसरं काही नव्हतं.

धान पिवळं पडायला लागलं आणि भुरीनं खाणं सोडलं. पहिले आठ दिवस मी म्हटलं, पोट भरलं असेल. नाकतोडा तिच्या पाठीवरून चालत गेला तरी ती हलेना, तेव्हा मी मडकं उजेडात आणून पाहिलं. पोटाची लव झडून तिथली कातडी काळीनिळी, चकचकीत दिसायला लागली. पाय अंगाखाली ओढून एका कोपऱ्यात बसून राहायची. आता आमच्याकडं माणूस आजारी पडला, बाई बाळंत झाली, म्हातारा अंथरुणाला खिळला, तर औषध एकच: पेज. तांदूळ पातळ शिजवायचे, मीठ टाकायचं आणि पाजायचं. भाताच्या मुलखातली पोरगी मी, मला दुसरं काय सुचणार? मी शिंपलीत कोमट पेज घेतली आणि भुरीच्या तोंडापुढं ठेवली. प्यायली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी काडीनं दोन थेंब तिच्या तोंडाला लावले. तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहते तर पेजेच्या वासानं लाल मुंग्यांची रांग मडक्यात उतरलेली, आणि भुरी भिंतीला चिकटून एक पाय झटकत होती. माझ्या हातानं मी तिच्यावर मुंग्या घातल्या होत्या. एकेक मुंगी चिमटीत धरून मारली, माती बदलली, मडकं पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवलं म्हणजे मुंग्या चढू नयेत. त्या दिवशी मी रडले, आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. मोठीमायकडून शिकलेल्या शिव्या होत्या, भरपूर होत्या.

परात गेली म्हणून मोठीमाय आधीच चिडली होती. त्यातच तिच्या कमरेवर उजव्या बाजूनं फोड उठले. पाण्यानं भरलेले, घोसाघोसानं, पाठीपासून बेंबीपर्यंत पट्टा. आग अशी की लुगड्याचा काठ लागू देत नव्हती. सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खाटेवर एका अंगावर पडून कण्हत होती, आणि कापणी तोंडावर आलेली. मी पुढं सगळा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून घालवला. असे पट्टे शेकड्यानं पाहिले. नागीण म्हणतात त्याला, लहानपणच्या कांजिण्यांचं अंगात दडून राहिलेलं विष असतं ते, दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकतं. पण त्या दिवशी आमच्या सपरीत हे सांगणारं कुणी नव्हतं. गावातला जाणता म्हणजे डोमाबुवा. त्यानं फोड पाहिले, नाक मुरडलं आणि विचारलं, "घरात मकडी आहे का?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मकडी मुतली," बुवा म्हणाला. "मोठी मकडी असन. अंगावरून चालत गेली, मुतत गेली. जे मुतली तिलेच जाळा लागते. तिची राख गोड्या तेलात खलून लावा, तीन दिवसांत उतरते."

मोठीमाय कण्हायची थांबली. "कुसमे," ती मला म्हणाली, "आण ते मडकं."

मी आणलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिले. म्हटलं, "तिनं नाई केलं. मडक्याले फडकं बांधलं आहे. पंधरा दिवसांपासून ते हलून नाई राहिली. बिमार आहे ते."

"बिमार आहे तर मरूच द्या तिले," मोठेबाबा म्हणाले. "तशीही मरते, अशीही मरते. बाईमाणसाच्या जिवापेक्षा मकडी मोठी झाली काय?"

"मोठी नाई. पण तिनं केलं नाई."

"तुले काय मालूम?"

मला काय मालूम होतं? काहीच नाही. डोमाबुवाला जेवढं मालूम होतं तेवढंच. फरक इतकाच की तो पुरुष होता, त्याच्या दाढीला मान होता, आणि मी चौदा वर्षांची पोट्टी. पण मी हट्टाला पेटले होते. सांदवाडीतून मडकं आणलं, सुतळी सोडली आणि म्हटलं, "ते माणसाच्या अंगावरून चालली म्हणजे फोड येतात ना? मंग माह्या अंगावरून चालवतो. समद्यांसमोर. सात दिवस पाहा. एक जरी फोड आला, तर मीच तिले चुलीत घालीन. नाई आला तर कोणी तिचं नाव घ्यायचं नाई."

सगळे मागं सरकले. डोमाबुवा तर सपरीची पायरी उतरून अंगणातच गेला. मायनं पदर तोंडात धरला. मी डावी बाही वर सारली, हात मडक्यात घातला आणि भुरीच्या मागून तिला बोटानं हळूच ढकललं. ती चढली. मनगटावरून वर, एकेक पाय चाचपत. तिचे पाय थंड होते आणि पायांच्या टोकाला मांजरीच्या पिल्लासारख्या बारीक नख्या होत्या, त्या कातडीला धरत होत्या. कोपराच्या लवणात येऊन ती थांबली, पुढचे पाय उचलले, आणि मला चावली.

कुणाला दिसलं नाही, कारण जवळ कुणी नव्हतंच. गरम सळईनं दोन ठिकाणी टोचावं तसं झालं आणि तिथून आग खांद्यापर्यंत गेली. मी तिच्यावर रागावले नाही. आजारी जनावराला उठवून परक्या अंगावर चालवलं तर ते काय ओवाळणार? पण मी तोंडातून आवाज काढला असता तर तिथंच सगळं संपलं असतं. मी मोठीमायकडं पाहत उभी राहिले. माझ्या अंदाजानं शंभर आकडे म्हणायला लागतात तेवढा वेळ. मग हात मडक्यात घातला, भुरी उतरली, बाही खाली ओढली, फडकं बांधलं. "झालं," मी म्हटलं. मोठेबाबा म्हणाले, "सात दिवस." पुरुषानं शब्द दिला होता, त्यामुळं मोठीमायलाही गप्प बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कापणी लागली. धान कापताना उजव्या हातात विळा असतो, पण खरं काम डाव्या हाताचं. मूठभर धान धरायचं, विळा ओढायचा, पुन्हा धरायचं, असं दिवसभर. माझा डावा हात कोपरापासून सुजला होता आणि बोटं मधूनच आपोआप वळत होती, पेटका यावा तशी. पातीनं हात चिरतात म्हणून बाया कापणीला पुरुषांचे जुने पूर्ण बाह्यांचे सदरे घालतात, तसा मी बापाचा सदरा घातला होता. तेवढाच आडोसा. पहिल्या बांधीत, म्हणजे धानाच्या पहिल्या वाफ्यात, मी सगळ्यांच्या मागं राहिले. दुपारी धुऱ्यावर भाकरी खायला बसलो तेव्हा माय शेजारी येऊन बसली. तिनं माझी बाही वर केली, पाहिलं, खाली केली. माय कांद्याची पात मोडत म्हणाली, "डाव्या अंगानं माह्या पाठीमागं चाल. तुही रांग मी कापून घेईन अर्धी."

ती वाकून दोन रांगा कापत गेली, सहा दिवस. घरी आल्यावर मी मडकं उघडून पाहायची. भुरी तशीच. तिच्या पोटाचा काळा रंग वाढत चालला होता. मी ओला कापूस कोपऱ्यात ठेवायची, पेजेचं नाव पुन्हा काढलं नाही. हात ठणकत असायचा आणि मी तिला म्हणायची, चावलीस तर चावलीस, पण आता मरू नकोस, मी तुझ्यासाठी भांडण विकत घेतलं आहे. असं जनावराशी बोलणारं माणूस खुळं दिसतं, दिसू दे.

चौथ्या दिवशी मोठीमायला राहवलं नाही. खाटेवरून हाक मारली, "कुसमे, हात दाखव." मी जागची हलले नाही. तेवढ्यात माय आतून आली, माझा हात धरून तिनंच बाही वर केली. कोपरावर हळदीचा जाड लेप होता, सकाळीच तिनं थापला होता, कुंभारानं मडक्याला भोक बुजवावं तसा. "पातीनं चिरलं तिले," माय म्हणाली. "हळद लावली मी. फोड कुठी दिसतेत काय, पाहा न बाई." मोठीमायनं मनगटापासून कोपरापर्यंत आणि लेपाच्या वरून खांद्यापर्यंत पाहिलं. फोड नव्हताच. माझी माय जावेशी उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती. पैज फोडांची होती, चाव्याची नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. तरी ते खोटंच होतं, आणि मायनं ते माझ्यासाठी, एका मकडीसाठी केलं होतं.

सातव्या दिवशी धान कापून झालं, भारे खळ्यात येऊन त्यांचे पुंजणे, म्हणजे ढीग, लागले, आणि घरी जेवणाला सगळे एकत्र होते. मी जेवायच्या आधी फडकं सोडलं. भुरी उताणी पडली होती. पाय वर, अर्धे मुडपलेले. मोठीमाय मागून येऊन डोकावली. ती आता चालत-फिरत होती, तिचे फोड सुकून खपल्या धरल्या होत्या.

"मेली," ती म्हणाली. आवाजात समाधान होतं. "म्हणूनच म्हटलं, कालपासून माही आग काहून थांबली. इकडे ते मेली आणि तिकडे मले उतार पडला. बुवा खोटं नाई बोलला."

"हात पाहा माहा," मी म्हटलं. "आज सातवा दिवस आहे. फोड नाई."

"आता हात पाहून काय कराचं? मेली ना ते. आण इकडे, जाळून मोकळे होऊ. राख लावली का डाग बी जातीन."

मी मडकं मांडीवर घेतलं आणि अंगणात तुळशीच्या ओट्याला टेकून बसले. "मेली असली तरी माही आहे," म्हटलं. मोठेबाबा ओरडले, बापानं पहिल्यांदा तोंड उघडलं ते "दे न व पोरी" म्हणायला. मी उठले नाही. एकदा मनात आलं की तिला सुलटी करावी, जनावर असं उताणं बरं दिसत नाही. बोट आत घातलंही. पण पेजेच्या वेळेस मी मदत करायला गेले आणि मुंग्या घातल्या, ते आठवून हात मागं घेतला. एवढी एक गोष्ट मी त्या सगळ्या प्रकारात शहाणपणानं केली. सगळे जेवले. उन्हं अंगणाच्या अर्ध्यात आली.

मग तिचा एक पाय हलला. नंतर दिसलं की ती कडेनं उसवली आहे, शिवण उलगडावी तशी, आणि आतून फिकट, ओली, पांढुरकी अशी दुसरी भुरी स्वतःला बाहेर काढते आहे. श्वास घ्यावा तशी थांबत होती आणि पुन्हा जोर करत होती. एकेक पाय जुन्या पायातून ओढून काढत होती, मोजा ओढावा तसा, आणि असे आठ पाय. ही साप टाकतो तशी कात होती, आणि महिनाभर मी जिला दुखणं समजत होते ती याचीच तयारी होती, हे मला पुढं फार वर्षांनी पुस्तकात वाचून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ती जिवंत आहे. मी ओरडले नाही. माय येऊन शेजारी बसली, मग बाप आला, मग मोठीमायसुद्धा आली आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहत राहिली. दोन-तीन बाळंतपणांत अडलेली बाई होती ती. एकदा तिच्या तोंडून निघालं, "अजून थोडं, बाई." मी ऐकलं ते.

भुरी बाजूला होऊन पडली. तिच्या शेजारी दुसरी भुरी पडली होती, पोकळ, पण जशीच्या तशी, लव, नख्या, सगळ्यांसकट. मोठीमाय सरळ उभी राहिली आणि तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"बरं, जिती राहिली तर राहू दे," ती म्हणाली. "ते कात दे. तेवढी जाळतो. बुवाचाही शब्द राहीन, माहेही डाग जातीन, आणि तुही मकडीही राहीन."

मोठेबाबांनी मान हलवली. बापानं हलवली. मायसुद्धा हळूच म्हणाली, "दे न, कुसुम. त्यात काय आहे?" खरंच, त्यात काय होतं? एक पोकळ सालपट. पुढं नोकरीत मला कितीतरी शहाण्या माणसांनी हेच समजावलं आहे, तेवढं देऊन टाकायचं, सगळ्यांचं राहतं. मोठीमायनं हात पुढं केला होता.

"नाई देत," मी म्हटलं. "राख देली म्हणजे तिनं केलं असं होते. गावभर सांगान, मकडीची राख लावली न बरं झालं. तिनं तुले काहीच केलं नाई."

मग मी सदऱ्याची बाही वर केली, थुंकी लावून कोपरावरची हळद पुसली आणि हात सगळ्यांपुढं धरला. दोन काळे ठिपके होते, भोवती पिवळीजांभळी सूज. "हे तिनं केलं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी चावली. तुमच्यासमोर. तिनं एवढंच केलं, आणि ते मले केलं. त्याचं काय कराचं ते मी पाहीन."

मोठेबाबांनी मायकडं पाहिलं. मोठीमायनंही पाहिलं. मी घाबरले ती तेव्हाच, कारण हळद कुणी थापली होती ते सगळ्यांना आठवलं होतं आणि मी बोलण्याच्या भरात मायला उघडं पाडलं होतं. माय ओट्याला टेकून बसली होती. तिनं पदर सावरला नाही, मान खाली घातली नाही. माझ्या मांडीवरच्या मडक्याला एका हातानं धरून ती जावेला म्हणाली, "हळद मीच लावली. चावलं ते पाहूनच लावली."

मोठीमायनं हात मागं घेतला.